पापुद्र्याखालचं बेसन

मालेगावच्या रस्त्याने कापसाच्या गाड्या यायला लागल्या की आमचं वाशिम चार दिवस पांढरं होतं. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस लागतो, सायकलीच्या तारांत अडकतो, वर्गात पोरांच्या टोप्यांवर येऊन बसतो. अंगणात उडून आलेला कापूस माझी बायको वेचते, त्याच्या वाती वळते आणि फुकटचा कापूस देवाला चालतो असं मला बजावते. मी वाद घालत नाही. या दिवसांत कापूस दिसला की मला बेसनाची भूक लागते, आणि एकाचा दुसऱ्याशी काय संबंध हे मी आजवर कुणाला धड समजावून सांगू शकलेलो नाही.

गेल्या आठवड्यात मात्र ती वेळ आली. शाळा तपासायला साहेब आले होते आणि त्यांच्यासाठी हेडमास्तरांनी चहा ठेवला होता. लढाई संपून वर्ष उलटलं तरी साखर अजून कार्डावरच मिळते, त्यामुळे चहा बेताचाच होता. पण हेडमास्तरांनी अकोल्याहून सकाळच्या मोटारीने डबलरोटी मागवली होती. तिच्या कडा छाटून, पातळ काप करून, दोन कापांमध्ये काकडीच्या चकत्या घातलेल्या. लोणीही होतं म्हणे. सुरी आधी लोण्याजवळून आणि मग रोटीवरून फिरवली असावी. असे ते त्रिकोणी तुकडे चिनी मातीच्या बशीत रांगेने उभे केले होते आणि हेडमास्तर नव्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसे म्हणाले, "हे सँडविच."

आम्ही बारा मास्तर त्या बशीकडे पाहत बसलो. मग एकेकाने हात घातला, आणि मला माणसांचे स्वभाव कळायला लागले. गणिताच्या मास्तरांनी आपलं सँडविच उघडलं, आत किती चकत्या आहेत ते पाहिलं, शेजाऱ्याच्यात एक जास्त आहे हे लक्षात आल्यावर तोंड पाडून पुन्हा मिटवलं. ड्रॉइंगच्या मास्तरांनी तुकडा मोडून चहात बुडवला. काकडी सुटून कपात तरंगायला लागली, ती त्यांनी शेवटपर्यंत न पाहिल्यासारखं केलं. शास्त्रीबुवांनी रोटीला बोट लावलं नाही, पण बशीत निसटून पडलेली काकडी तेवढी फळ म्हणून घेतली. साहेब एका हातात सँडविच आणि दुसऱ्या हातात हजेरीपट घेऊन चावत होते, पानं उलटत होते, आणि पानांवर एक डाग पडत नव्हता.

तेवढ्यात हेडमास्तरांनी गोष्ट सांगितली. विलायतेत म्हणे एक सरदार होता. त्याला पत्ते खेळण्याचा इतका नाद की जेवायलाही उठवेना, आणि हाताला लागलेलं तूप पत्त्यांना लागलेलंही चालेना. म्हणून त्याने रोटीच्या दोन कापांत मांस घालून मागवलं. तेव्हापासून जगात सँडविच आलं. एका पत्तेबहाद्दराने जगाला केवढी देणगी दिली, असं म्हणून हेडमास्तर थांबले आणि मला इतक्या जोराने हसू आलं की चहा नाकात गेला.

साहेबांसमोर हे शोभलं नाही. हेडमास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना खुलासा म्हणून, आणि खरं तर माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून, मी हे लिहायला बसलो आहे. कारण विलायतेतल्या त्या सरदाराचं काय असेल ते असो, मेडशीच्या शिवारात सँडविच कुणी काढलं, कशासाठी काढलं आणि ते पहिल्यांदा खाल्लं गेलं तेव्हा काय पणाला लागलं होतं, हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्याला आता पंधरा वर्षं होतील. अमरावतीला इंटरची परीक्षा मी अगदी सहज नापास झालो आणि मेडशीला काकांकडे येऊन राहिलो. वडील नव्हते, शिकवण्याचा खर्च काकांनीच केलेला. या माझ्या थोरल्या काकांना सगळा गाव आबा म्हणे. त्यांनी मला रागाचा एक शब्द बोलून दाखवला नाही, ही त्यांची शिक्षा होती. चार दिवस मी ओसरीवर बसून काढले. पाचव्या दिवशी ते म्हणाले की वेचणी सुरू होते आहे, तू शेतावर उभा राहत जा.

मेडशीकडची ती हवा मला अजून आठवते. दिवाळी होऊन गेलेली, सकाळी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानांवर दव, आणि ऊन चढेल तसा शेतातून एक कोरडा गोडसर वास यायचा. बोंडं रात्रीतून फुटत. काल हिरवं दिसलेलं शेत आज पांढरं दिसलं की माणसाला आपण श्रीमंत असल्यासारखं वाटतं, मग ते शेत काकांचं का असेना. बायका कमरेला ओटी बांधून रांगेने उभ्या राहत. प्रत्येकीची पऱ्हाटीच्या ओळींची एक पात ठरलेली. पहिल्या पातीवर गंगाबाई. तिच्या हाताच्या चालीने बाकीच्या दहा जणींचे हात चालायचे. ती थांबली की सगळ्या थांबायच्या, ती गाणं म्हणायला लागली की सगळ्या म्हणायच्या. दुपारपर्यंत ओट्या अशा फुगत की अकराही जणींचे दिवस भरत आल्यासारखे दिसत आणि त्यावरून एकमेकींची जी थट्टा चाले ती मी लिहू शकत नाही.

गंगाबाई म्हणजे चाळिशीची, काटक, मोजकं बोलणारी बाई. गावाच्या कडेला तिची स्वतःची थोडी जमीन होती, ती नवरा पाहायचा. वेचणीच्या दिवसांत ती आमच्याकडे यायची. पहिली पात तिच्या सासूकडून तिच्याकडे आलेली. तिला याचा जेवढा अभिमान होता तेवढा आबांना त्यांच्या पाटीलकीचाही नसावा.

वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही झाली. बांधावर पाच खडे मांडून, त्यांना कुंकू लावून, दहीभात शेतात शिंपडला. त्या दिवशी बायकांनीही दहीभातच खाल्ला. पांढऱ्या पिकाला पांढरा मान. दुसऱ्या दिवशीपासून नेहमीची शिदोरी येणार, म्हणजे भाकर आणि बेसन. बाकी महाराष्ट्र त्याला पिठलं म्हणतो, म्हणो. घट्ट, लसणाचं, हिरव्या मिरचीचं आणि हळदीने पिवळंधमक बेसन. त्याच दिवशी संध्याकाळी आबांनी फर्मान काढलं की यंदा शेतात बेसन आणायचं नाही. कोरडी भाकर, मीठ आणि कांदा.

यामागे आदल्या वर्षीचं एक दुखणं होतं. आबांचा कापूस सगळ्या भागात पांढरा म्हणून नावाजलेला. गाडी बाजारात उभी राहिली की लोक नुसता पाहायला यायचे. आदल्या वर्षी एका अडत्याने गाडीत कोपरापर्यंत हात घातला आणि आतून मूठभर कापूस काढला. त्याला चार ठिकाणी पिवळी बोटं लागलेली. जेवून उठलेल्या कुणाच्या तरी हाताची हळद. अडत्याने तो कापूस वर धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की पाटील, कापसाला हळद लागली, लग्न कधीचं काढलं? सारा बाजार हसला. आबा तसेच गाडी वळवून परत आले. कापूस पुढे विकला गेला, पण ते हसू आबांच्या कानातून गेलं नाही. दर चार दिवसांनी ते जेवता जेवता मध्येच थांबत, आणि काकू आम्हाला डोळ्यांनी खुणावत की आठवलं वाटतं.

तर या बंदीचा पहारेकरी मी. दुपारची जेवणं झाली की बायकांनी ओळीत उभं राहायचं, दोन्ही हात पुढे करायचे आणि मी दहाही बोटं पाहायची. अमरावतीला मी नाटकं पाहिली होती, टेनिस खेळणारे पाहिले होते, एका प्रोफेसरांच्या घरी हेच सँडविच खाल्लं होतं. आणि आता मेडशीच्या बांधावर मी आईच्या वयाच्या बायकांची बोटं हुंगत होतो. मान वर करवेना. पहिल्याच दिवशी गंगाबाईने हात पुढे केले आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, हात पाह्यतच हा, त थे बी सांगा, नवं लुगडं केवा भेटन मले?"

आठ दिवस कोरडी भाकर चालली. चालली म्हणजे खाल्ली गेली. ज्वारीची भाकर कांद्यामिठाशी वाईट लागते असं नाही. पण कुणीतरी नको म्हटलं म्हणून ती तशी खायची, याने ती आणखीच कोरडी लागते. गाणी बंद पडली. हात मंदावले. ओट्या दुपारी अर्ध्याच दिसायला लागल्या. बोंडांतून कापूस लोंबून खाली मातीवर टेकायला लागला आणि डोंगराकडे दोन दिवस ढग दिसले. आता पाऊस आला असता तर सगळंच काळं पडलं असतं. आबा मला विचारत की बायका हळू का वेचून राहिल्या, आणि मी खाली पाही. गंगाबाईला विचारलं तर तिने सरळ सांगितलं, "कोरड्या भाकरीनं हात बी कोरडाच चालते, भाऊ."

मी शिकलेला माणूस, म्हणून मी उपाय सुचवू लागलो. माझा पहिला उपाय जेवून हात धुण्याचा. पाणी खाली नाल्याच्या विहिरीचं. एकेक घागर डोक्यावर चढवून आणायची, ती प्यायलाच पुरत नाही. शिवाय हळद काय पाण्याने जाते? मातीने हात घासा म्हटलं तर हळदीच्या जागी काळे डाग. मग उजव्या हाताने खा आणि डाव्या हाताने वेचा असं मी म्हणालो, तेव्हा एकजण हसता हसता बांधावरच खाली बसली. शेवटी मी बिनहळदीचं बेसन करायला सांगितलं. ते त्यांनी एक दिवस इमानाने केलं, मी आबांची परवानगीही काढली. सगळ्यांनी एक एक घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. तसं बेसन आमच्याकडे फक्त तापातून उठलेल्या माणसाला देतात.

इंटरला मी नापास का झालो हे त्या दिवशी मला थोडंसं कळलं.

दुसऱ्या दिवशी गंगाबाई वेचणीआधी आमच्या ओसरीपुढे येऊन उभी राहिली. आबा दाढी करून, कानात अत्तराचा फाया खोचून, बाहेर पडायच्या तयारीत होते. रोज ताज्या कापसाचा फाया, हा त्यांचा एकच शौक. ती म्हणाली की उद्याचा एक दिवस बेसन आणू द्या. हळदीचं, नेहमीचं. संध्याकाळी सारा ढीग उपसून पाहा. एक जरी पिवळा डाग निघाला तर या शेतात पुन्हा बेसनाचं नाव काढणार नाही. आबा नाही म्हणायच्या आत तिने पुढचं बोलून टाकलं.

"अन् पह्यली पात सोडून देईन मी. सासूनं देल्ली होती, थे."

आबांनी अत्तराचा फाया कानात नीट बसवला. पहिली पात म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी होकाराची मान हलवली. मला वाटलं, ही बाई आता हरणार. अकरा बायका, एकशेदहा बोटं, आणि बेसन ते बेसन.

दुसऱ्या दिवशी पहाटे गंगाबाईच्या चुलीपुढे काय झालं ते मी पाहिलं नाही, नंतर ऐकलं. भाकर तव्यावरून काढून निखाऱ्यांपुढे उभी केली की ती फुगते आणि तिचा वरचा पातळ पापुद्रा सुटतो, हे कुणालाही माहीत आहे. लहानपणी तो पापुद्रा आपण सगळ्यांनीच पळवलेला आहे. गंगाबाईने त्या फुगलेल्या भाकरीला एका अंगाने चार बोटं चीर दिली, खिशात हात घालावा तसा पापुद्रा उचलला आणि आत सुरीने कापावं इतकं घट्ट बेसन थापून भरलं. वरून दाबलं. तीन बाजूंनी भाकर मूळचीच बंद, चौथी बाजू दाबून मिटलेली. बाकीच्या बायकांच्या भाकरी अशा भरवशाने फुगत नव्हत्या, म्हणून अकराही जणींच्या भाकरी तिने एकटीने भाजल्या. कुणाच्या हातावर विसंबून तिला आपली पात घालवायची नव्हती.

दुपारी बांधावर बायका बसल्या आणि फडकी सोडली. मला नुसत्या भाकरी दिसल्या. गंगाबाईने एकच नियम सांगितला होता. भाकर मोडायची नाही, दोन्ही हातांनी धरायची आणि चिरेच्या बाजूने चावत जायची. आता हे ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्याकडे चांगल्या घरात अख्ख्या भाकरीला तोंड लावणं हे बेशिस्तीचं लक्षण. अख्खी भाकर उष्टी होते. उजव्या हाताने तुकडा मोडावा, कालवणाला लावावा आणि मग तोंडात घालावा, हे आईच्या मांडीवर शिकवलेलं. त्यामुळे त्या अकरा जणी आधी एकमेकींकडे पाहून लाजल्या. मग गंगाबाईने पहिला चावा घेतला.

तो आवाज मला आठवतो. पापुद्रा कुरकुरला आणि मागोमाग लसणाचा वास बांधभर पसरला. आठ दिवस खऱ्या बेसनाविना काढलेल्या बायका.  एकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मिरचीचं असल्याचं तिने न विचारता सांगितलं. मी शेजारच्या झाडाखाली माझा डबा घेऊन बसलो होतो; त्यात काकूच्या हातच्या पोळ्या आणि वांग्याची भाजी होती, आणि मला माझा डबा फार गरिबाचा वाटला. जेवणं झाली, त्या ओळीत उभ्या राहिल्या, आणि मी एकशेदहा बोटं पाहिली. भाकरीच्या पिठाची पांढरी धूळ तेवढी होती. बायकांनी ती पदराला झटकली आणि पाती धरल्या. त्या दुपारी गाणं परत आलं. ओट्या इतक्या भरल्या की चालताना झाडांना अडकू लागल्या.

संध्याकाळी, ऊन अजून बांधावर असतानाच, आबा आले. मांडवाखाली मोठ्या पासोडीवर दिवसभराचा कापूस ओतलेला होता. आबांनी बाह्या सारल्या आणि त्या ढिगात हात घालून, मुळापासून उपसून, उलटापालटा करून पाहिला. बायका पलीकडे उभ्या. गंगाबाई सगळ्यांच्या पुढे, हात मागे बांधून. आबांना एक डाग सापडला नाही.

माणसाचा आदल्या वर्षीचा अपमान असा सहज जात नाही. आबांना वाटलं, काहीतरी लबाडी आहे. बायकांनी बेसन आणलंच नसणार, किंवा खाल्लंच नसणार. त्यांनी ती भाकर पाहायला मागितली. गंगाबाईने आपल्या फडक्यातून उरलेली एक काढून दिली. आबा मांडवाच्या मेढीला टेकून बसले, भाकर उलटसुलट करून पाहिली, आणि ती म्हणाली की आबा, मोडू नका, चावा.

आबांनी तिच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता सगळं संपलं. "पाटलाच्या घरात भाकर उष्टी नाई करत कोणी," ते म्हणाले, आणि त्यांनी भाकरीच्या मधोमध अंगठा रोवून तिचे सरळ दोन तुकडे केले.

मग त्यांनी खाल्लं. आधी तपासायला म्हणून, मग पुन्हा तपासायला म्हणून, आणि मग तपासणीचं नावही न काढता. अर्धी भाकर संपेपर्यंत त्यांचा चेहरा बदलत गेला. ते घरी रोज जेवत होते, चारी ठाव जेवत होते, पण शेताच्या वाऱ्यावर बसून लसणाचं बेसन त्यांनी किती वर्षांत खाल्लं नसेल कोण जाणे. सगळी भाकर संपली. आबांनी समाधानाने मिशीवरून हात फिरवला, उठले, आणि जाता जाता शेवटचं म्हणून ढिगातून मूठभर कापूस उचलून उजेडात धरला.

त्यावर पिवळा डाग होता. अंगठ्याएवढा, ठसठशीत.

"हे काय हाय?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट पडला. मला वाटतं, त्यांनाही जिंकल्याचं वाईट वाटलं असावं. बायकांच्या रांगेतून एक सुस्कारा गेला. दोघींनी गंगाबाईच्या खांद्याला हात लावला. गंगाबाई त्या डागाकडे पाहत राहिली. मग तिने आबांकडे पाहिलं नाही; ती माझ्याकडे वळली.

"भाऊ, आज कोनाचे हात पाह्याचे राह्यले?"

मला कळलं होतं. आबांनी कापूस उचलला तेव्हाच माझी नजर त्यांच्या अंगठ्यावर गेली होती आणि मी ती चटकन दुसरीकडे वळवली होती. मी त्यांच्या भाकरीवर जगत होतो. त्यांनी माझ्या परीक्षेचे पैसे भरले होते आणि नापास झालो तर एका शब्दाने विचारलं नव्हतं. पण आठ दिवस मी ज्या बायकांना ओळीत उभं केलं, त्या अकराही जणी आता माझ्याकडे पाहत होत्या.  मी पासोडीला वळसा घालून आबांपुढे गेलो आणि म्हणालो, आबा, हात दाखवा.

त्यांनी आधी न समजून माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केले. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पिवळीजर्द होती.

त्या वर्षी मी पास झालो ती एवढीच परीक्षा.

कुणी हसलं नाही. हसायला सगळ्यांचा जीव आतुर झाला होता, पण आबांचं तोंड पाहत सगळ्या थांबल्या होत्या. आबा आपल्या अंगठ्याकडे पाहत होते, मग त्या कापसाकडे, मग पुन्हा अंगठ्याकडे. बाजारात त्या दिवशी त्यांच्यावर जे हसू आलं होतं ते आता त्यांच्या दारात उभं होतं, आणि या खेपेला आत घ्यायचं की नाही हे त्यांच्या हातात होतं. त्यांनी कानातला सकाळचा अत्तराचा फाया काढून टाकला. त्या डागाळलेल्या कापसाचा नीट वळून नवा फाया केला, कानात खोचला, आणि म्हणाले, "लगन झालं म्हना कापसाचं."

मग जे हसू फुटलं ते मेडशीच्या वेशीपर्यंत गेलं असेल. आबा स्वतः मेढीला धरून हसत होते. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. गंगाबाई हसली नाही. तिने पदराने तोंड पुसलं, आणि पुसताना जरा जास्त वेळ लावला. मी तिच्याकडे पाहिलं तर ती म्हणाली की धूर गेला डोळ्यात. जवळपास कुठे चूल नव्हती.

त्या वर्षी आमच्या गाड्या बाजारात गेल्या तेव्हा तोच अडत्या पुन्हा कोपरापर्यंत हात घालून बराच वेळ चाचपत राहिला. हात तसाच पांढरा बाहेर आला. आबा गाडीच्या बैलांना थोपटत उभे होते, आणि त्यांना काही ऐकायची घाई नव्हती. एव्हाना आमच्या शेतातली रीत शेजारच्या शेतांत गेली होती. ज्यांच्या भाकरी फुगत नव्हत्या त्यांच्या फुगायला लागल्या, कारण आता त्यावर जेवण ठरत होतं. कुणी जवसाची चटणी भरली, कुणी अंबाडीची भाजी पिळून भरली. एका हौशी बाईने गूळ-तूप भरलं. ते दुपारच्या उन्हात पाघळून तिच्या ओटीत गेलं आणि पुढे आठ दिवस तिच्या पातीला मुंग्या होत्या.

आता मला विचाराल तर सँडविच आवडण्याचं कारण तिथेच आहे. दोन पापुद्र्यांत काय आहे ते दिसत नाही. ज्याने भरलं त्याच्यावर भरवसा ठेवून तोंड उघडावं लागतं. उघडून पाहणारा आमच्या गणिताच्या मास्तरांसारखा दुःखी होतो, आणि मोडणाऱ्याचे हात पिवळे होतात. आणि खाणाऱ्याची बोटं स्वच्छ राहतात, कारण त्याला कुठेतरी परत जायचं असतं. त्या विलायती सरदाराला पत्त्यांकडे जायचं होतं. ठीक आहे, ज्याचं त्याचं काम. आमच्या बायकांना कापसाकडे जायचं होतं.

हेडमास्तरांना मी हे इथवरचं सगळं काल वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं की मग त्या पाटलांचं पुढे काय झालं. तेच सांगायचं राहिलं होतं.

हळदीचा फाया कानात खोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आबा शेतावर आले. घरून डबा आणला नव्हता. बायका बांधावर बसल्या होत्या. आबांनी गंगाबाईपुढे हात केला, तिने एक भाकर दिली. ते दहा पावलं दूर गेले, आमच्याकडे पाठ केली आणि खाली बसले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते अख्ख्या भाकरीला तोंड लावणार होते. अकराही बायका एकदम आभाळाकडे पाहायला लागल्या, जणू ढग आले होते. मीही पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. पापुद्रा कुरकुरल्याचा आवाज तेवढा आला.

भाकर संपवून आबा उठले. बायका हात दाखवायला ओळीत उभ्या राहत होत्या, त्या ओळीच्या शेवटी जाऊन तेही उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात गंगाबाईपुढे केले. तिने ते उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले, अंगठा जरा जास्तच वेळ उजेडात धरला.

"चालते," ती म्हणाली. "बारावी पात धरा."

आणि आबांनी धरली.